चालू गाडीतली भाऊबीज

माझी गाडी जवळपास पन्नास वर्षांची आहे, तिचे गिअर स्टिअरिंगला आहेत, आणि तिच्या बाबतीत माझा एकच नियम होता: सपाट जागेवर इंजिन बंद करायचं नाही. निवृत्त झाल्यावर मी ती हौसेनं घेतली आणि पहिल्याच महिन्यात ती डेक्कनला सिग्नलवर बंद पडली. सेल मारला तर नुसता खट्ट आवाज. शेवटी एक वाहतूक पोलीस आणि कॉलेजच्या दोन मुली यांनी ढकलून ती कडेला घेतली. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "अगं, आजोबा पण व्हिंटेज आहेत." त्या दिवसापासून माझा चावीवरचा विश्वास उडाला. तीस वर्षं मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं आहे, विजेचे नियम फळ्यावर लिहून लिहून हात दुखवला आहे, पण स्वतःच्या गाडीच्या सेलसमोर मी एखाद्या देवभोळ्या माणसासारखा वागायला लागलो.

उतारावर मात्र बंद करायला हरकत नव्हती. ब्रेक सोडला की गाडी घरंगळते, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की सुरू होते, चावीचे उपकार घ्यावे लागत नाहीत. त्यामुळे मला पुण्यातले उतार पाठ झाले. कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या फाटकापुढे चांगला उतार आहे. पेट्रोलचा पंपही मी तसाच एक हेरून ठेवला होता. सहकारनगरला चढावर माझा एक जुना सहकारी राहतो. नोकरीत असताना आमचं कधी पटलं नाही, पण निवृत्तीनंतर मी त्याच्याकडे महिन्यातून दोनदा जायला लागलो. माझा स्वभाव निवळला असं त्याला वाटलं. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

माझी थोरली बहीण, ताई, राहते लोणी काळभोरला. हडपसर सोडलं की जमीन जी सपाट होते ती सपाटच. ताई पुण्यात वाढली, लग्न होऊन तिकडच्या शेतकरी घरात गेली, गावातल्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. मेहुणे गेल्यापासून ती त्या घरात एकटी असायची. मी तिच्याकडे जायचो, नाही असं नाही. फाटकाशी गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा, ताई चहा घेऊन बाहेर यायची. मी स्टिअरिंगवर बसूनच चहा प्यायचो, एक पाय ॲक्सिलरेटरवर. दहा मिनिटांत ख्यालीखुशाली उरकायची की निघालो.

भाऊबीजही तशीच. ताई ताट घेऊन फाटकाबाहेर यायची, मी काच खाली करून डोकं बाहेर काढायचो आणि ती मला खिडकीतून ओवाळायची. धुराच्या वासात निरांजनाचा वास मिसळायचा. एकदा शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून विचारलं की नवीन गाडीची पूजा चालली आहे का. ताई त्यांना म्हणाली, "नाही हो, जुन्या भावाची." मी खूप हसलो होतो. सहा भाऊबिजा अशा झाल्या आणि त्यात काही वावगं आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

या एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. घर भाड्यानं देऊन ती कायमची मुलीकडे कोल्हापूरला निघाली होती. रविवारी शेवटचं जेवायला या म्हणाली, दोघंही. मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "बसून जेवणार असशील तर ये. नाहीतर हॉर्न वाजवून पुढे जा, मी खिडकीतून हात करीन." ती चेष्टेनं म्हणाली नव्हती. मला चेष्टा कळते, आणि ही नव्हती.

बायकोनं सरळ सुचवलं की टॅक्सीनं जाऊ. पण टॅक्सीनं गेलो तर गेली सहा वर्षं टॅक्सीनं का आला नाहीस, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा गाडीच न्यायची असं मी ठरवलं आणि आठवडाभर तयारी केली. कागदावर यादी केली, यादीला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. पॉइंट, कॉइल, दोन फॅन बेल्ट, पाण्याचे तीन कॅन, टोचन करायला दोर, टाकी गळाली तर लावायला साबणाची वडी, इंजिनाजवळचा पेट्रोलचा पंप तापला तर गुंडाळायला ओली फडकी. शुक्रवारी खडकवासल्यापर्यंत रंगीत तालीम केली, अर्थातच गाडी कुठेही न थांबवता. धरणाला लांबूनच नमस्कार करून परत आलो. शनिवारी डिकी भरताना बायको गॅलरीतून बघत होती. तिनं विचारलं, "अहो, स्टेपनी म्हणून एखादी चालणारी गाडी पण टाकता का त्यात?"

रविवारी निघालो. ऊन मी म्हणत होतं. मांजरी फाट्याच्या पुढे गाडीनं दोन आचके दिले आणि ती शांतपणे कडेला जाऊन उभी राहिली, एका रसवंतीच्या समोर. मला जे सहा वर्षं होऊ द्यायचं नव्हतं ते झालं होतं: गाडी बंद, जमीन सपाट. मी यादी काढली. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकलं, त्यावर पाणी शिंपडलं, गार व्हायची वाट बघितली. बायको रसवंतीत जाऊन बसली आणि तिनं रस मागवला, एकच ग्लास. तासाभरानं मी धक्का मारायला माणसं शोधू लागलो. दोन मोटारसायकलवाले थांबले, गाडीबरोबर फोटो काढून घेतले आणि गेले.

अखेर रसवाला हात पुसत आला. मी त्याला म्हटलं की अजून दोघे मिळाले तर ढकलू. त्यानं विचारलं, "काका, चावी फिरवून बघितली का?" मी त्याला समजावून सांगितलं की या गाड्यांचं तसं नसतं, सेलचा भरवसा देता येत नाही, त्यामागे एक शास्त्र आहे. माझं शास्त्र संपायच्या आत तो आत बसला आणि त्यानं चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"चालू हाय की," तो म्हणाला आणि आपल्या चरकाकडे परत गेला.

मी तिथूनच मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, साहेब, सेल तर मी गाडी पहिल्यांदा बंद पडली त्याच आठवड्यात नवीन बसवला होता, तुम्हाला सांगितलंही होतं. सांगितलं असेल. मला जे आधीच ठाऊक आहे असं वाटतं, त्यावर कुणी बोलायला लागलं की मी ऐकत नाही. बायको या वाक्याला दुजोरा देईल.

ताईच्या दारी पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. सवयीनं हॉर्न वाजवला. कुणी बाहेर आलं नाही. बायको उतरली, फाटक उघडून आत गेली. मी बसून राहिलो. सेल नवा आहे हे आता मला माहीत होतं, डोळ्यांनी बघितलं होतं, तरी हात चावीपर्यंत जाईना. इंजिन घरघरत होतं आणि दार उघडंच होतं आणि ताई काही दारात येत नव्हती. तेवढ्या वेळात मला कळून चुकलं की आज ती येणारच नाही, आणि मी नाही उतरलो तर ती मला परत बोलावणारही नाही. मी चावी फिरवली. एकदम इतकं शांत झालं की मला घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू आला.

आत गेलो आणि दारातच अडखळलो. सहा वर्षांत मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. ज्या खोलीत पूर्वी झोपाळा होता तिथे ताईची कॉट आली होती. जिन्याच्या पायऱ्यांवर धूळ बसलेली जुनी खोकी रचलेली होती, वर जाणं तिनं कधीच सोडून दिलेलं दिसत होतं. हात धुवायला कुठे जायचं हे मला बायकोला विचारावं लागलं. ताई टेबलाशी बसली होती. मला बघून उठली, दाराआडची काठी घेतली आणि तिच्यावर भार देत हळूहळू ओट्याकडे निघाली.

मी विचारलं, "ही काठी कधीपासून?"

"झाली चार वर्षं. गुडघे गेले."

"मी कधी बघितली नाही."

"कशी बघशील?" ती भाताचं पातेलं उचलत म्हणाली. "हातात चहा असायचा. काठी दाराआड ठेवूनच यायला लागायचं."

दारापासून फाटकापर्यंत तीसेक पावलं असतील. मी येताना ती चाललो होतो, मला ती जाणवलीही नव्हती. चार वर्षं ताई ही पावलं काठीशिवाय, हातात कप घेऊन चालत आली होती, आणि मी काच खाली करून घड्याळाकडे बघत बसलो होतो.

मी तिच्या हातातून पातेलं घेतलं आणि म्हटलं, ताई, मला माझीच फार लाज वाटते आहे. हे मी तिला यापूर्वी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, कशाबद्दलच.  ती खुर्चीवर बसली, काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"वाटू दे," ती म्हणाली. "पण आधी वाढ. वरण गार होतंय."