उकळलेल्या पाण्यातली मासोळी

शेण मी आयुष्यात पुष्कळ वेळा खाल्लं. पण स्वतःच्या घरापुढच्या छपरीत, चार माणसं आणि बायको समोर असताना, मिटक्या मारत खाल्लं ते एकदाच. ऐका. हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच हसलात तर उठा म्हणेन, चहा माझा आहे.

गोष्ट ऐंशीच्या आगेमागची. आमचं गाव तुमसरपासून बैलबंडीनं दोन-अडीच घंट्यांच्या वाटेवर. गावाला मोठा तलाव, आणि माझ्या धानाच्या शेताला, बांधीला लागून माझी स्वतःची बोडी. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. तिच्यात बेडकांशिवाय काही नव्हतं आणि हे मला फार खुपत होतं.

त्याच्या आदल्या वर्षी गावात हगवणीची साथ आली. दवाखान्याचा डॉक्टर चावडीवर उभा राहून सांगून गेला, पाणी उकळून प्या. बाकीचे ऐकून घरी गेले. मी ऐकून डोक्यात ठेवलं. चौथी नापास माणूस मी, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिला बाहेर यायला वाट नाही.

घरात फर्मान काढलं. उद्यापासून कच्चं पाणी बंद. उकळलेल्या पाण्याचा रांजण वेगळा. बायको म्हणाली, इतकं सरपण कोण आणून देईल, तुमचा डॉक्टर? मी म्हटलं, एक भाजी कमी कर पण पाणी उकळ. आठ दिवस ती भांडली आणि नवव्या दिवशी गप्प झाली. मला वाटलं, पटलं तिला. बायको एकाएकी भांडायची थांबली तर नवऱ्यानं सावध व्हावं, एवढं शहाणपण कोणत्या शाळेत शिकवतात? मी तर चौथीतच बाहेर पडलो.

मग मी गावाला शिकवत सुटलो. दिसेल त्याला थांबवून विचारायचो, पाणी उकळून पेता का? माझ्याकडं पहा, वर्ष झालं, पोट एक दिवस बिघडलं नाही. माणसं मला लांबून पाहून बांधावरची वाट बदलू लागली. मला वाटायचं, लाजतात बिचारे.

आता सीताराम. सीताराम आमच्या गावचा ढिवर, म्हणजे मासेमार. माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही दोघं एकाच तलावात नागडे डुंबलेले. गावच्या ढिवरांची सोसायटी होती, मोठ्या तलावात मासोळीचे बच्चे सोडायची. कलकत्त्याकडून रेल्वेनं हंड्या भरून बच्चे यायचे, तुमसर रोड स्टेशनावर उतरायचे. दरवर्षी व्यापारी आणून द्यायचा. त्या वर्षी सोसायटीनं ठरवलं, आपलाच माणूस पाठवू. सीतारामला पाठवलं. हे त्याच्याच भावकीतल्या लक्ष्मणला रुचलं नव्हतं, कारण त्याला स्वतःला जायचं होतं. म्हणजे माल चांगला निघाला तर सीतारामचं नाव, वाईट निघाला तर जन्मभराचा बट्टा.

श्रावणाचे दिवस. रात्री पाऊस पडून सकाळी ऊन तापलेलं. सीतारामची बंडी ऐन माझ्या घरासमोर चिखलात रुतली. तलाव तिथून अर्धा कोस, सगळी वाट चिखलाची. त्यानं दोन्ही हंड्या उतरवून माझ्या छपरीत, सावलीत ठेवल्या. हंड्यांना ओलं फडकं गुंडाळलेलं होतं.

"भाऊ, मी कावडीवाले घेऊन येतो, घंटाभर लागन. तवरिक हातानं पाणी हालवत राहा. थांबू नका. तुमच्या बोडीले ओंजळभर बच्चे देतो."

त्याचा हात पाहिला. स्टेशनापासून हंडीत हलवून हलवून पांढरा पडला होता, धुणं धुणाऱ्या बाईच्या हातासारखा. ओंजळभर बच्च्यांसाठी मी तर पायसुद्धा हलवला असता.

तो गेला. मी हंडीत डोकावलो. जिऱ्यासारखे बारीक बच्चे, आणि पाणी? गढूळ, काळपट, वास मारणारं. मी वर्षभर गावाला काय सांगत होतो? आणि माझ्याच छपरीत, मला भरवशावर दिलेली ही लेकरं असल्या पाण्यात?

तुम्हाला कळलंच असेल. मला कळलं नाही.

चुलीवर पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, नुकताच उकळून उतरवला होता. बायको मागं गोठ्यात होती. परातीत पाणी ओतून जरा निवू दिलं. मग जुन्या धोतराच्या फडक्यातून बच्चे गाळले आणि पहिली हंडी कोमट, स्वच्छ, काचेसारख्या पाण्यानं भरली. तेवढ्यात उकळलेलं पाणी संपलं. म्हणून दुसरी हंडी माझ्या रांजणातल्या पाण्यानं भरली. तेही उकळलेलंच, फक्त कालचं आणि थंड.

मग हात पुसून बसलो. आता हलवायचं कशाला? गढूळ पाणी तळाशी बसू नये म्हणून हलवत असतील, असा माझा हिशेब.

थोड्या वेळानं पहिल्या हंडीतले बच्चे सगळे वर आले आणि तोंडं वासू लागले. मी म्हटलं, भुकेजली. मुरमुरे कुस्करून टाकले. खाईनात. मग वाटलं, पावसाळी हवा, काकडली असतील. चुलीवर आणखी तांब्याभर पाणी उकळलं आणि तेही ओतलं.

त्यानंतर त्यांनी तोंडं वासायची बंद केली. एकेक आडवा होऊन तरंगू लागला.

दुसऱ्या हंडीतले मात्र टुणटुणीत पळत होते.

इतक्यात सीताराम आला. बरोबर लक्ष्मण आणि आणखी दोघं. सीतारामनं हंडीत पाहिलं आणि तसाच उभा राहिला. लक्ष्मणनं पाहिलं आणि त्याला बोलायला जोर आला.

"पहिल्याच खेपेले रोगी माल उचलून आणला यानं. मी सांगतच होतो."

सीतारामनं हंडीत बोट घातलं. "भाऊ, पाणी कोमट काहून हाय?"

"उकळलेलं हाय. कोमट नाही राहणार तर काय?"

"मासोळीले उकळलेलं पाणी?"

"मंग? कच्चं पाजू?"

सीताराम खालीच बसला. म्हणाला, पाण्यात हवा विरघळलेली राहते. थंड पाण्यात जास्त, तापलं की कमी, आणि उकळलं की सारी उडून जाते. चुलीवर गंज ठेवला की बुडाशी बारीक बुडबुडे येतात, ती हवाच असते जी. उन्हाळ्यात तलावाचं पाणी तापलं की मासोळी पहाटे वर येऊन तोंड वासते, तुम्ही पाह्यलं नाही का? म्हणून तर हंडी ओल्या फडक्यात ठेवायची, म्हणून तर हात हालवायचा. पाण्यात हवा घालायसाठी.

मी म्हटलं, "वर्षभर मी हेच पाणी पेऊन राहिलो. मी मेलो का?"

"तुम्ही पाणी पेता, भाऊ. मासोळी पाण्यातच दम घेते."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं आमच्या खानदानात नाही. मी दुसऱ्या हंडीकडं बोट केलं. म्हटलं, हे पाणीही उकळलेलंच आहे, माझ्या रांजणातलं, मी स्वतः ओतलं. मग ही मासोळी कशी जिवंत? पाण्याचा दोष असता तर हीही मेली असती. म्हणजे तुझ्या पहिल्या हंडीचा मालच खराब.

 लक्ष्मण म्हणाला, भाऊ बरोबर बोलतात. बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. सीतारामनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तो पांढरा पडलेला हात पुसू लागला. आणि मी? मला वाटत होतं, मी मोठा खटला जिंकला.

तेव्हा दारातून बायको बोलली. सारं गाव तिला आमच्या पोराच्या नावानं गणपतची माय म्हणतं. चार माणसांत ती कधी बोलत नसे.

"दुसऱ्या हंडीतलं पाणी उकळलेलं नाही."

"तुले काय मालूम? रांजणातलं हाय, मी सोता ओतलं."

"रांजणातलंही उकळलेलं नाही जी. विहिरीचं हाय."

तिनं चुलीकडं बोट केलं.

"तुमच्या देखत गंज चुलीवर ठेवत होती. तुम्ही बांधीवर गेले की उतरवत होती आणि विहिरीचं भरत होती. आज सकाळी तुम्ही हालले नाही, म्हणून तो एक गंज उकळला. इतकं सरपण कुठून आणू?"

"कधीपासून?"

"नवव्या दिवसापासून."

सगळ्यांत आधी हसला तो लक्ष्मण. मग ते दोघं. सीताराम हसला नाही, खाली पाहत राहिला, पण त्याचे खांदे हलत होते.

मी उठलो. म्हटलं, सीतारामचा माल चोख होता, मासोळी मी मारली. हे वाक्य मी माझ्या बापापुढंही कधी बोललो नव्हतो. मग लक्ष्मणकडं वळून म्हटलं, सोसायटीत जाऊन हेच सांगशील, नाहीतर मीच येतो सांगायला. दुसऱ्या खेपेला सीतारामबरोबर मी गेलो. तुमसर रोडपासून गावापर्यंत दोन्ही हात हंडीत. सीताराम बंडी हाकत होता आणि मधून मधून मागं वळून म्हणत होता, थांबू नका, भाऊ.

पण ते नंतर. त्या दिवशी काय झालं ते राहिलं. उरलेली हंडी तलावावर नेऊन सोडली. सीतारामनं त्यातूनही कबूल केलेले ओंजळभर बच्चे माझ्या बोडीसाठी काढून ठेवले. आणि तिथंच, तलावाच्या बांधावर, पाळीवर उभा असताना, माझ्या पोटात गुडगुड सुरू झाली. वर्षभर कच्चं पाणी पिऊन जे पोट ढिम्म हललं नाही, ते कच्चं होतं हे ऐकून हललं! तीन दिवस माझा लोटा जमिनीवर टेकला नाही.

चौथ्या दिवशी बायको मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तोच. पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "पाणी उकळून पिता का?"

वर्षभर साऱ्या गावाला हाच प्रश्न विचारत फिरलेला माणूस मी. म्हटलं, "साहेब, मले काय मालूम? मासोळीले विचारा."