जुनं आणा, नवं न्या

पंपांच्या कारखान्यात सगळे त्याला ‘कुलूप’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. एकतीस वर्षं त्याने तिथलं स्टोअर सांभाळलं. जाळीच्या खिडकीमागे तो, आणि खिडकीबाहेर हात पसरून उभा अख्खा कारखाना. नियम एकच, जुनं आणा, नवं न्या. झिजलेलं बेअरिंग टेबलावर ठेवल्याशिवाय नवं मिळायचं नाही. “चालतंय ना अजून? मग कशाला हवंय?” असं म्हणून त्याने भल्याभल्या फिटरांना आल्या पावली परत पाठवलं. एकदा तर खुद्द मॅनेजरला एका वॉशरसाठी अर्धा तास तिष्ठत ठेवलं, आणि ती गोष्ट पुढे वीस वर्षं तो तिखटमीठ लावून सांगत राहिला.

त्याची बायको त्याच कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर होती. तिच्या आवाजाला सगळे टरकून असत. ती त्याला घरी तर बोलायचीच, पण कामाच्या वेळी स्टोअरचा फोन वाजवूनही बोलायची. डबा विसरलात, छत्री विसरलात, त्या बिचाऱ्या पोराला स्क्रू द्या आधी. कुलपाची किल्ली बोर्डावर बसते, असं लोक म्हणत. तो कुरकुरायचा, पण फोन वाजला की पहिल्या घंटीला उचलायचा.

दोघंही निवृत्त झाली आणि दोन वर्षांत तिच्या पोटातला कॅन्सर उघड झाला, तोही हातपाय पसरून झाल्यावर. औषधं झाली, दवाखाने झाले. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी हात वर केले आणि हॉस्पिसची चिठ्ठी लिहून दिली. परगावी राहणाऱ्या मुलीने रजा काढून येऊन कागदांवर सही केली, तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हॉस्पिस म्हणजे काय ते मला कळतं. माणूस भंगारात काढायचं आणि वर गोड बोलायचं.”

“बाबा, आई घरीच राहणार आहे. सिस्टर येऊन बघून जातील. तिला त्रास होऊ नये एवढंच.”

“त्रास होऊ नये असं वाटत असतं तर डॉक्टरांनी तिला बरं केलं असतं.”

सिस्टर आली ती बुटकी, पायात कापडी बूट, खांद्यावर तिच्याहून जड पिशवी. तिने त्याला समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, “काका, आजार बरा करणारं औषध आता कुणाकडेच नाही. दुखणं थांबवणारं माझ्याकडे आहे. हे मॉर्फिन. दर चार तासांनी एवढं. काकू मागोत, न मागोत. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, म्हणून ते यायच्या आधी द्यायचं.”

त्याने मान डोलावली. पण ‘मागोत, न मागोत’ हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. न मागता द्यायचं? एकतीस वर्षांत त्याने न मागता खिळाही दिला नव्हता. शिवाय एवढं जहाल औषध आत्ताच वापरून टाकलं तर खरी वेळ येईल तेव्हा काय करायचं? आणि तिला सवय लागली म्हणजे? मरणाऱ्या माणसाला सवय लागण्याची भीती. पण अशा वेळी माणसाची अक्कल शेण खायला जाते, आणि याची तर कुलूप लावून गेली. त्याने बाटली कपाटात ठेवली आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

मग तो दर चार तासांनी, अगदी घड्याळ लावून, तिच्यापाशी जायचा आणि विचारायचा, “दुखतंय का?”

“दुखतंय.”

“किती? कालच्याइतकंच ना? मग राहू दे. पुढे लागेल.”

फारच कण्हली तर चमचा पुढे करायचा, तोही अर्धा. पहिले तीन-चार दिवस तिने मागितलं. मग मागणं सोडलं. मग बोलणंही सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मुलीचा फोन आला की तो सांगायचा, “शांत आहे. काही मागत नाही.” सिस्टर यायची तेव्हा तो दारात उभा राहायचा. औषध देताय ना, या प्रश्नाला “वेळच्या वेळी” म्हणायचा, आणि पलंगावरून बायको त्याच्याकडे बघून डोळे मिटायची. सिस्टरला शंका येत होती, पण तिच्याकडेही त्या भागातली अशी बावीस घरं होती.

एकोणिसाव्या दिवशी सिस्टर नवी बाटली घेऊन आली. “काका, जुनी आणा. ती परत घेतल्याशिवाय नवी देता येत नाही, नियम आहे.”

हा नियम ऐकून त्याला किती बरं वाटलं म्हणून सांगू. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी शहाण्यासारखं बोललं होतं. त्याने कपाट उघडलं, बाटली काढली आणि ऐटीत तिच्यापुढे धरली. “नवी नकोच. ही बघा, अजून जवळजवळ भरलेली आहे. जपून वापरलंय.”

सिस्टरने बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

“ही आजपर्यंत संपायला हवी होती,” ती म्हणाली. मग त्याचं मनगट धरून त्याला पलंगापाशी नेलं. “बघा. कपाळ बघा. ही मूठ बघा, चादर कशी धरलीय. ही शांत नाही, काका. ही एकोणीस दिवस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेय.”

“मला वाटलं, आत्ताच देत गेलं तर शेवटी औषध काम करायचं नाही...”

“करतं. कमी पडलं तर वाढवता येतं. पहिल्या दिवशी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही तर वेळच्या वेळी म्हणालात.”

तिने स्वतःच्या हाताने औषध पाजलं. अर्ध्या तासाने मूठ सैल पडली. चादरीवर बोटांच्या चुण्या पडल्या होत्या. तो त्या हाताने सारख्या करत बसला, पण त्या जाईनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने तोंड त्याच्याकडे वळवलं. आवाज बारीक होता, पण बोर्डावरचाच.

“मला खिडकीबाहेर उभं केलंत तुम्ही.”

त्याचा हात सदऱ्याच्या खिशातल्या किल्लीकडे गेला.

“झिजलेलं काय आणून ठेवायचं होतं तुमच्या टेबलावर? मी अख्खी झिजले, ते दिसलं नाही?”

“शेवटाला पुरावं म्हणून...”

“अहो, हाच तो शेवट. आणखी कुठल्या शेवटासाठी राखून ठेवत होतात?”

त्यानंतर ती अकरा दिवस जगली, आणि अकरा दिवस बोलली. मुलीला बोलावून घेतलं, तिला हसवलं, जुन्या मैत्रिणींना फोन केले, पडदे धुवायला लावले, आणि रोज न चुकता त्याला फैलावर घेतलं. बाराव्या दिवशी सकाळी झोपेतच गेली, मूठ उघडी. माफ केलं, असं मात्र ती शेवटपर्यंत म्हणाली नाही. त्यानेही विचारलं नाही. अकरा दिवसांत तिने एवढं बोलून घेतलं, मग त्या एकोणीस दिवसांत किती बोलली असती, हा हिशेब त्याला सोडवता येत नाही, आणि स्वतःवरचा राग त्याला अजून पुरतो.

परवा कारखान्यातला एक जुना फिटर भेटायला आला होता. त्याच्या आईला हॉस्पिसची सिस्टर येते म्हणाला. कशी आहे, असं याने विचारलं.

“शांत आहे. काही मागत नाही.”

याने चहाचा कप खाली ठेवला आणि उठून चपला घातल्या.

“चल. बाटली दाखव मला.”

“आत्ता? शेठ, चहा तरी संपवा.”

“ती मागेपर्यंत थांबणार आहेस का?” तो म्हणाला, आणि फिटरच्या आधी जिना उतरू लागला.