ओटमारच्या छपरावरचा खांब

आमच्या गावात कुणाला नावं ठेवायची असली तर लोक आडून बोलतात. मला ते जमत नाही. ओटमार मूर्ख आहे, आणि मूर्ख असण्यापेक्षा वाईट म्हणजे तो मेहनती आहे. नुसता मूर्ख घरात पडून राहतो, कुणाचं काही बिघडत नाही. मेहनती मूर्ख पहाटे उठून कामाला लागतो.

माइन नदीच्या या काठावर जी नवी वस्तू येते ती आधी ओटमारच्या अंगणात येते. आपोआप फिरून गवत कापणारं यंत्र त्यानं सगळ्यांच्या आधी आणलं. ते कुंपणाच्या फटीतून निसटलं, लोरेन्त्सच्या बायकोचा स्ट्रॉबेरीचा वाफा साफ करून तळ्यात जाऊन बुडालं. तेव्हा ओटमार म्हणाला, "तळं तिथं असायलाच नको होतं." नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. लग्न मोडलं तेव्हाही अंगणच वाकडं होतं.

मग त्यानं कोठाराच्या छपरावर खांब उभारला. खांबाच्या टोकाला पांढरी बशीसारखी अँटेना, खाली डबा, डब्यात मोबाइलचं सिमकार्ड. काम तसं साधं आहे. सॅटेलाइट जी जागा सांगतात तिच्यात नेहमी थोडी चूक असते. हा खांब एका जागी ठाम उभा असतो आणि आपण नेमके कुठे उभे आहोत हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्यामुळे आज सॅटेलाइट किती चुकताहेत ते त्याला कळतं आणि ती दुरुस्ती तो मोबाइलच्या इंटरनेटवरून दर सेकंदाला पाठवत राहतो. शेतातला ट्रॅक्टर किंवा मोजणीची काठी ती घेते आणि आपली जागा बोटभर फरकानं सांगते. फक्त खांब हलता कामा नये. सगळी मेख तिथेच आहे.

ओटमारनं ही दुरुस्ती अख्ख्या गावाला फुकट दिली. फुकट म्हणजे पैसे नाहीत, पण प्रत्येक भेटीत आभार मानायचे. आमच्या ट्रॅक्टरच्या पडद्यावर रोज सकाळी त्याचं नाव उगवायचं. खानावळीत शिरला की विचारायचा, "काय, पोचतेय ना माझी दुरुस्ती?" एकदा मी म्हणालो, "आम्हाला पोचते रे. तुला कोण पाठवतं?" सगळं टेबल हसलं. ओटमारही हसला, कारण त्याला कळलं नाही.

आता सातांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे शेताच्या बांधावर दगड असतात आणि ते दगड सांभाळायला गाव सात माणसं नेमतं. त्यांनी शपथ घ्यायची, आणि ती मरेपर्यंत सुटत नाही. दगड पुरताना आम्ही त्याच्याखाली काही खुणा ठेवतो. कसल्या, आणि कशा मांडून, हे सातांशिवाय कुणाला माहीत नसतं. बायकोला नाही, पाद्र्याला नाही. तुम्हालाही सांगणार नाही. दगड कुणी सरकवला तर खालच्या खुणा चुगली करतात, एवढं पुरे.

मी सातांपैकी एक आहे. म्हातारा लोरेन्त्स आमचा मुख्य. ओटमारचा बाप व्हालेंटिन सातांतला फार चोख माणूस होता. तो गेल्यावर त्याच्या जागी ओटमारला घेतलं. बैठकांना यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हे खरं कारण.

यंदा वसंतात ओटमारनं कोठारावर सौर पॅनेल बसवून घेतली. त्यानंतर मी आधीच पेरलेल्या बीटात कोळपणी करायला गेलो तर कोळपं ओळींच्या मधून जायचं सोडून थेट बीटांवरून फिरलं. मी तिथेच थांबलो आणि त्याला फोन केला.

"ओटमार, तुझा खांब हललाय."

"खांब हलत नसतो. तू सीटवर वाकडा बसतोस."

"मी वाकडा बसल्यानं ट्रॅक्टर दोन हात सरकतो होय?"

"वजन बघितलंस का स्वतःचं?"

इतरांचंही तेच झालं होतं. पडद्यावर ओळ सरकवायचं एक बटण असतं. ते दाबून आम्ही कामाला लागलो. मूर्खाशी वाद घालण्यापेक्षा बटण दाबणं स्वस्त पडतं.

पण ओटमारनं एव्हाना मोजणीची काठीही घेतली होती आणि संध्याकाळी जेवण उरकलं की तो ती घेऊन बांधाबांधानं फिरायचा आणि दगड मोजणी कार्यालयाच्या नकाशाशी ताडून बघायचा. एका रविवारी, प्रार्थना सुटल्यावर, खानावळीतल्या आमच्या ठरलेल्या टेबलाशी तो उभा राहिला. आमच्यापुढे व्हिनेगरात उकडलेले सॉसेज आणि पांढरी वाइन होती. त्यानं ग्लासवर सुरी वाजवली.

"माझ्या आणि एर्हार्डच्या शेतामधला दगड दोन हात माझ्या बाजूला आलाय," तो म्हणाला. "दगडाला पाय नसतात. एर्हार्डला होते."

एर्हार्ड आदल्या वर्षी वारला होता. म्हणजे आरोप अशा माणसावर, जो उठून कानाखाली देऊ शकत नाही. चोरावरही आमच्याकडे दया दाखवतात, पण बांधाचा दगड सरकवणारा म्हणजे मेल्यावरही माफी नसलेला माणूस. म्हातारी माणसं सांगतात, असला माणूस तापलेला दगड खांद्यावर घेऊन शेतातून हिंडतो आणि विचारत राहतो, "कुठं ठेवू? कुठं ठेवू?" आठवड्याभरात लोकांना एर्हार्डच्या शेतात संध्याकाळचा हिरवा दिवा लुकलुकताना दिसू लागला. दिवा ओटमारच्या काठीचा होता. पण गावाला गोष्ट हवी असते, खुलासा नको असतो. गाव काही ओटमारपेक्षा फार शहाणं आहे असं मी म्हणत नाही.

एर्हार्डची बायको वाल्बुर्गा माझ्याकडे आली. खुर्चीवर बसली नाही.

"बेकरीत माझ्याशी कुणी बोलत नाही," ती म्हणाली. "जमीन घ्या म्हणावं दोन हात. चार घ्या. पण माझ्या नवऱ्याचं नाव मला परत हवंय."

मोजणी कार्यालयाचा माणूस शरदात येणार होता. ती म्हणाली, तोवर मी थांबणार नाही. लोरेन्त्सनं सातांना बोलावलं आणि दगड उघडायचं ठरलं.

शेतावर ओटमार नव्या जॅकेटमध्ये आला, जणू त्याचा सत्कार होता. वाल्बुर्गाला रिवाजाप्रमाणे लांब, आमच्याकडे पाठ करून उभं राहावं लागलं. आम्ही दगडाभोवती कोंडाळं केलं आणि खणलं. लोरेन्त्स गुडघ्यांवर बसून हातांनी माती काढत गेला. खुणा दिसल्या. जशा असायला हव्यात तशा, दगडाच्या बरोबर खाली, एकही हललेली नाही. त्या व्हालेंटिननं मांडल्या होत्या. लोरेन्त्स तेव्हा त्याच्या शेजारी बसला होता.

"दगड जागेवर आहे," लोरेन्त्स म्हणाला.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. ओटमारनं काठीच्या पडद्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं.

"मग बाबांनीच चुकीच्या जागी पुरला असणार," तो म्हणाला. "त्यांच्याकडे होतं काय? साखळी आणि डोळे."

मला शिसारी आली. सख्ख्या बापाला, त्याच्या हातच्या खुणा समोर उघड्या पडलेल्या असताना, खोटं पाडायला हा तयार होता. कशासाठी, तर पांढऱ्या बशीसाठी.

"चल," मी म्हणालो, "तुझ्या पश्चिमेला माझा बांध आहे. तिथला दगड मोज."

"बॅटरी संपत आलीय."

"आत्ता तर भरलेली होती."

"मोज, ओटमार," लोरेन्त्स म्हणाला.

आम्ही त्याच्या शेतातून आडवे पलीकडे गेलो. त्यानं काठी दगडावर टेकवली. मी पडद्यात डोकं घातलं. माझा दगडही पश्चिमेला सरकलेला, तेवढाच, दोन हात. फक्त इथे पश्चिम म्हणजे माझं शेत. म्हणजे पडद्याच्या हिशेबानं एर्हार्डनं ओटमारचं खाल्लं होतं आणि ओटमारनं माझं.

"हे तुला ठाऊक होतं," मी म्हणालो. "बांधाबांधानं फिरत होतास. हा दगड काय वाटेत लागला नाही?"

"तो... तपासायचा होता अजून."

"वाल्बुर्गाचा तपासायचा नव्हता?"

तो पॅनेलवाल्यांवर घसरला. "त्यांनी खांब जरासा पूर्वेला घेतला होता. पॅनेलवर सावली पडत होती. पण जरासाच हो! आणि डब्याला कळतं की स्वतःचं स्वतः, वर सॅटेलाइट आहेत ना!"

डब्याला काही कळत नव्हतं. डबा बिचारा जुनीच जागा खरी धरून बसला होता आणि दर सेकंदाला अख्ख्या गावाला पश्चिमेला ढकलत होता. आम्ही परतलो आणि एर्हार्डचा दगड पुन्हा पुरला. माती दाबायला ओटमार पुढे झाला तर लोरेन्त्सनं त्याला हातानंच बाजूला सारलं.

पुढच्या रविवारी ओटमारनं टेबलासाठी वाइन मागवली आणि उभा राहिला.

"मंडळी, एक तांत्रिक बिघाड झाला होता," तो म्हणाला. "यंत्र थोडं चुकलं. आता सगळं ठीक आहे. प्या!"

आणि लोक प्यायला लागले. आमचं गाव असं आहे. तेवढ्यात दार उघडलं आणि वाल्बुर्गा आत आली. ती कधी रविवारी खानावळीत येत नाही. काळा कोट, हातात प्रार्थनेचं पुस्तक, थेट टेबलापाशी.

"यंत्र चुकलं म्हणालास?"

"हो, म्हणजे खांब..."

"माझ्या एर्हार्डला चोर यंत्रानं म्हटलं?"

कुणीतरी ग्लास खाली ठेवला. ओटमारनं आमच्या तोंडांकडे पाहिलं. एरवी आमच्याकडून आभार वसूल करणारा माणूस, आता त्याला आमच्याकडून एक शब्द हवा होता. कुणी दिला नाही.

"मग मी आता काय करू?" तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"जिथून उचललंस तिथं ठेव," वाल्बुर्गा म्हणाली.

गोष्ट सगळ्यांना माहीत होती. शेतात हिंडणाऱ्या त्या भुतालाही हेच उत्तर द्यायचं असतं, तेव्हाच ते सुटतं.

"एर्हार्डनं दगड सरकवला नव्हता," ओटमार पुटपुटला.

"खिडकीजवळच्यांना ऐकू गेलं नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी गेलं होतं."

"एर्हार्डनं दगड सरकवला नव्हता! मी खोटं बोललो!"

वाल्बुर्गानं मान डोलावली. कुणीतरी तिच्यापुढे ग्लास सरकवला, तो तिनं तसाच परत सरकवला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी बेकरीत बायका तिच्याशी बोलायला लागल्या, स्वतःच आधी. ती त्यांना उत्तरं देत होती, पण मोजकीच. ते मला आवडलं.

मी टोपी घेऊन बाहेर पडलो तर ओटमार माझ्यामागून आला. मला वाटलं, माझ्या बांधाबद्दल काही बोलेल. बापाबद्दल तरी.

"पण एक लक्षात घे," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पुन्हा उजळला होता. "तसं ते बोटभर फरकानं अचूकच होतं रे. फक्त सगळं सरकलेलं होतं."