राजीखुशीने, नशापाणी न करता

लातूरच्या एका सभागृहात साठ-सत्तर शिकल्यासवरल्या माणसांसमोर शांतम्माक्कांनी जाहीर केलं, की सदर संशोधनावर त्यांचा व त्यांच्या वारसांचा यापुढे कसलाही हक्क राहिलेला नाही, आणि हे त्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता व नशापाणी न करता लिहून देत आहेत.

सभागृह हसून हसून लोळलं म्हणतात. वाक्य अक्कांच्या तोंडी होतं, पण घातलेलं माझं.

मी मुखेडला दस्त लिहितो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये एक संगणक, एक प्रिंटर आणि मी, असे तीन जुने नग बसलेले असतो. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र काय लागेल ते. पण सगळ्यात जास्त खपतं ते हक्कसोडपत्र. बाप गेला की रानातला आपला वाटा बहिणीनं भावाच्या नावे सोडून द्यायचा, त्याचा हा कागद. कायद्यानं मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आणि माझ्याकडची गर्दी वाढली. आधी जे न विचारता व्हायचं ते आता सही घेऊन करावं लागतं.

अक्कांच्या अहवालाला समास नीट हवे होते. माझ्या हक्कसोडपत्राच्या फाइलीचे समास झकास. मी आतला मजकूर पुसला आणि तिथं अक्कांचा अहवाल टाइप केला. शेवटचा परिच्छेद तेवढा पुसायचा राहिला. शेजारच्या झेरॉक्सवाल्या खाजामियाँनी त्याच्या तीस प्रती काढून बांधल्या. अक्कांनी वाचताना थांबायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण वाचणारा थांबतो पूर्णविरामाला, आणि आमच्या दस्तात पूर्णविराम फार उशिरा येतो.

दुसऱ्या दिवशी अक्का शेडमध्ये आल्या. कपाळावर विभूती, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून लोंबणारी चार्जरची वायर. मी खुर्ची पुढं केली. त्या नेहमीप्रमाणं खाजामियाँच्या कागदाच्या खोक्यावर बसल्या.

"वैजनाथभाऊ, नशापाणी कुणी केलती?"

"अक्का, माफ करा. समास चांगले होते हो त्या फाइलीचे."

"समासात काय लिहायचं नसतंय. मजकुरात घोळ केलाव तुमी."

"अक्का, तुमारे वारसां का बी हक गया," खाजामियाँ पलीकडून म्हणाले. "अब पोरां को क्या देते?"

"पिशवी देईन," अक्का म्हणाल्या आणि बशीत चहा ओतून घेतला.

अक्कांचं गाव मुखेडपासून अर्ध्या तासावर. बचत गट, अंगणवाडीचं छत, हातपंपाचा दांडा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, सगळ्यात अक्का. गावात दोन बाया भांडायला लागल्या की तिसरी अक्कांना फोन लावते. गाव तंटामुक्त करायचं ठरलं तेव्हा समितीत पहिलं नाव त्यांचंच पडलं. त्यांनी गावातले तंटे मोजले. निम्म्याहून जास्त तंटे भाऊ-बहिणीचे निघाले, वाट्यावरून. मग अक्कांनी एकेका बहिणीच्या सासरी जाऊन समजूत घातली, नऊ जणींना एका जीपमध्ये बसवलं आणि माझ्याकडं आणलं. त्या दिवशी माझ्या प्रिंटरला उसंत नव्हती. संध्याकाळपर्यंत गावातला तंटा संपला. वेशीवर तशी पाटी लागली, पेढे वाटले. मलाही दोन आले होते.

तीन वर्षांनी त्या नवातली एक नवरा वारल्यावर पोर काखेत घेऊन माहेरी आली. भावजयीनं चार दिवस भाकरी घातली. पाचव्या दिवशी ती अक्कांच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "तंटा तर मिटला अक्का, आता मी कुठं जाऊ?"

अक्कांनी तिला ठेवून घेतलं, शिवणयंत्र मिळवून दिलं, पुढं सगळं केलं. पण ते विचारणं काही त्यांच्या कानातून गेलं नाही. चाळिशी उलटलेली असताना त्यांनी नांदेडला कायद्याच्या वर्गात नाव घातलं. कंधारमार्गे जाणाऱ्या गाडीत अभ्यास चालायचा. कंधार येईपर्यंत वारसा, कंधार सोडलं की पोटगी. गाडी कंधारात पंक्चर झाली, म्हणून वारसाहक्क जास्त पक्का झाला, असं त्या स्वतःच सांगतात. पदवी झाली. मग संशोधन. विषय हक्कसोडपत्र, आणि बायांना विचारायचा सवाल एकच.

"कागदावर राजीखुशीनं लिवलंय. राजी कोण होतं, आन् खुशी कुणाला झाली?"

एकसष्ट बायांना त्यांनी हे विचारलं. मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर, जिथं जिथं मुली दिल्या होत्या तिथं तिथं जाऊन. पहिल्या नऊ त्या जीपमधल्याच. एकीनं दार लावून घेतलं तर अक्का बाहेर पायरीवर दीड तास बसून राहिल्या. "मीच सही करायला नेलं होतं," त्या म्हणायच्या, "आता मीच विचारायला नको का?" नावं कुठं येणार नाहीत, फक्त नंबर येतील, असा प्रत्येकीला शब्द दिलेला.

त्या एकसष्ट उत्तरांचं परिशिष्ट लातूरच्या वेळी जोडलं नव्हतं. आता जोडायचं होतं. झालेल्या चुकीबद्दल मी ते फुकट टाइप करून देतो म्हणालो. अक्का एकदम म्हणाल्या, "नगं. ते मी नांदेडला टाइप करून घेते."

मला लागलं. "अक्का, एका चुकीसाठी माणूस तोडता का? वीस वर्षं झाली, कुणाच्या दस्तातला एक शब्द माझ्या शेडबाहेर गेला नाही. का ठाऊक आहे? मी टाइप करतो, वाचत नाही. वाचत बसलो तर दिवसाला दोन दस्त होतील."

अक्कांनी बशी खाली ठेवली. मग पिशवीतून वही काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"वाचू नका मग."

इथं मला माझ्या बहिणीचं सांगितलं पाहिजे. महादेवी माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी, मला अण्णा म्हणणारी, उदगीरला दिलेली. आमचे वडील गेले त्याला अकरा वर्षं झाली. तिचंही हक्कसोडपत्र झालं, इथंच, याच टेबलावर, मीच टाइप केलं. तिच्यात आणि माझ्यात कधी अवाक्षर झालं नाही. पण गेल्या पाच नागपंचम्यांना ती माहेरी आली नाही. एकदा गुडघा, एकदा पोराची परीक्षा, एकदा सासूबाई. मी फोनवर म्हणतो, "गुडघ्याला सांग, मामाच्या गावाला चल." ती हसते. ती हसली की मी फोन ठेवतो, आणि सगळं बरं आहे असं समजतो. दस्तावर तिचा फोटो आहे, कचेरीतल्या कॅमेऱ्यानं काढलेला. इतर बायांचे फोटो बघाल तर जणू पोलिसांनी काढलेत. महादेवी त्यात हसतेय. बायकोनं कधी विषय काढला की मी तो फोटो दाखवायचो. बघ, राजीखुशीनं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. वही उघडली, बोटं चालू झाली. चार नंबरची बाई म्हणत होती, सहीबद्दल भावानं साडी दिली, मोरपंखी होती, तेवढीच खुशी. एकोणीस नंबरची म्हणत होती, सही न्हाई केली तर माहेर तुटंल म्हणले, केली, तरी कोन बोलवून ऱ्हायलंय. मी वाचत नव्हतो. खरंच नव्हतो. सदतीस नंबरपाशी मात्र डोळा अडकला, कारण तिथं माझा विनोद होता.

गेली वीस वर्षं प्रत्येक बाईसमोर पाठ झालेला दस्त घडाघडा म्हणून दाखवताना "नशापाणी न करता" आलं की मी थांबतो आणि विचारतो, "काय बाई, येताना घेऊन आलाव का घोटभर?" हमखास हशा. तो विनोद संशोधनात पोचलेला बघून मला, खोटं कशाला सांगू, आनंदच झाला. खाजामियाँना हाक मारून दाखवणार होतो. मग म्हटलं आधी सगळं वाचू. वर गेलो आणि पहिल्या ओळीपासून वाचलं.

"आमचा अण्णाच दस्त लिवतो. मी घरून ठरवून गेलते, का विहिरीजवळचा वाफा तेवढा माझ्या नावावर ठेव म्हणायचं. जास्तीचं काय न्हाई. आपल्या रानात आले म्हणायला एक जागा ऱ्हाती. अण्णा मोठ्यानं वाचत होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात नशापाणी आलं आन् तो म्हणला, काय गं, येताना घेऊन आलीस का घोटभर? समदे हसले. मी बी हसले. हसत हसतच सही झाली, फोटो बी तसाच निघाला. मग ते बोलायचं ऱ्हाऊन गेलं. आता पंचमीला जाऊ वाटत न्हाई, गेले की विहिरीकडंच नजर जाती. अण्णाला वाईट म्हणत न्हाई मी, लई मायाळू हाय. हे छापलं तरी चालंल. अण्णा टाइप करतो, वाचत न्हाई."

विहिरीजवळच्या वाफ्यात आई मेथी लावायची. पाणी धरायला महादेवी असायची, कारण मला चिखलाचा कंटाळा. मी बांधावर बसून तिला हसवायचो. आमच्या घरात कामाची वाटणी अशी होती.

त्या दिवशी पुढं एक अक्षर टाइप झालं नाही. एका खरेदीखताचं गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या या म्हणालो. खाजामियाँनी चहा पाठवला, तो निवला. मग ते स्वतः आले, पडद्यावरचा मजकूर उभ्यानं वाचला आणि निवलेला कप उचलला. जाताना म्हणाले, "हमारे में तो बहनां का हिस्सा किताब में लिखा है, वैजनाथभाई. फिर बी छोड देतीं. मेरी बी छोडी."

सकाळी दहाला अक्का प्रती घ्यायला आल्या आणि खोक्यावर बसल्या. प्रती झाल्याच नव्हत्या. सदतीस नंबरचं पान तेवढं मी छापून वेगळं ठेवलं होतं. ते पुढं केलं. त्यांनी न बघता पिशवीत टाकलं.

"अक्का, तुम्ही मुद्दाम दिलंत ना हे मला?"

"वाचू नका म्हणले होते की."

"वाचलं."

"वीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणायचं."

मला त्यावर एक चांगलं उत्तर सुचलं होतं. हशा येईल असं. मी ते गिळलं.

"बक्षीसपत्र करतो, अक्का. विहिरीजवळचा वाफा तिच्या नावे. आत्ता मसुदा करतो, तुम्ही फक्त नजर टाका."

"तिचंच हाय ते. तिचंच तिला बक्षीस?"

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. अकरा वर्षांपूर्वी एक माणूस काहीतरी बोलायला तोंड उघडून या टेबलासमोर बसलं होतं आणि मी वाक्य पुरं करायच्या घाईत होतो. आताही घाईतच होतो. त्या वाफ्याच्या चतुःसीमा मला तोंडपाठ होत्या. पूर्वेला विहीर, पश्चिमेला बांध. उत्तर-दक्षिणेला माझीच जमीन.

"मग सांगा तरी," मी म्हणालो, "कोणता कागद लिहू?"

अक्कांनी पिशवीची वायर आत खोचली, उठल्या आणि म्हणाल्या,

"कागद ऱ्हाऊ द्या, उदगीरची गाडी साडेअकराला हाय."