टाकीतली साखर कोणती?

साध्या प्लेटवर जिवाणूंच्या ठिपक्यांची गर्दी होती. अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर जेमतेम चारदोन. माझी लॅब असिस्टंट वैशाली दोन्ही प्लेटा उजेडात धरून म्हणाली, "मॅडम, जीन गेला."

कोंढ्याजवळच्या एका छोट्या कंपनीत मी फर्मेंटेशन सांभाळते. तांदळाच्या कणीपासून आम्ही साखरेचा पाक करतो आणि तो जिवाणूंना देतो. त्यांच्यात आम्ही डीएनएच्या एका सुट्या तुकड्यावर जास्तीचा जीन घातलेला असतो. त्याच्या जोरावर ते पाकाचं अल्युलोज करतात. ही निसर्गात फार थोडी सापडणारी साखर. चवीला गोड, पण रक्तातली साखर फारशी वाढवत नाही.

अडचण अशी, की जास्तीचा जीन जिवाणूला ओझं होतो. संधी मिळाली की तो टाकून देतो आणि भराभर वाढतो. या जीनच्या जोडीनंच आम्ही अँटिबायोटिक सोसायची ताकद दिलेली असते. त्या प्लेटवर जो वाढला नाही, त्यानं जीन टाकला. म्हणजे आमच्या टाकीत अल्युलोज जवळपास नव्हतंच. होता तो साधा पाक.

"बॅच फेकावी लागेल," मी म्हणाले.

वैशालीनं प्लेटा खाली ठेवल्या. "भाऊ सकाळीच यातला पाक गाळून, कॅन भरून घरी घेऊन गेले, मॅडम. वहिनीचा वाढदिवस हाये म्हणे."

भाऊ म्हणजे आमचे मालक, प्रभाकरभाऊ. शोभावहिनींना बरीच वर्षं डायबेटिस, इन्सुलिन चालू. लॅबमधला माल बाहेर न्यायचा नाही, हा नियम भाऊंनीच केलेला.

भाऊंनी फोन लवकर उचलला नाही. उचलला तेव्हा मी एवढंच म्हणाले, "तो पाक वापरू नका."

"काहून? ब्रिक्स तं बरोबर होता नं."

ब्रिक्स म्हणजे पाकात साखर किती, ते. कोणती, ते नाही. मी तसं सांगितलं.

"खीर खाल्ली तिनं," भाऊ म्हणाले. "मीच म्हनलो, आज इंजेक्शन कायले घेतेस."

"आता कशा आहेत?"

"झोपून राहिली. मघापासून पानीच पिऊन राहिली होती."

"उठवा त्यांना. मी येते."

मी पोचले तेव्हा वहिनी शुद्धीत होत्या, पण बोलणं जड झालं होतं. साखरेचं मीटर चारशेच्या वर दाखवत होतं. भाऊ मीटर पुन्हा पुन्हा सदऱ्याला पुसत होते.

"मशीन बिघडली असंल."

"मशीन ठीक आहे, भाऊ. गाडी काढा."

पवनीच्या दवाखान्याकडे जाताना वहिनींनी माझा हात धरला. "तुमचीच साखर होती नं ते?"

"नाही वहिनी. आमची तयारच झाली नव्हती."

भाऊ समोर बघून गाडी चालवत राहिले. दवाखान्यात सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं. दर वेळी नर्स बोट टोचायची आणि भाऊ उठून उभे राहायचे. संध्याकाळी आकडा खाली यायला लागला, तेव्हा ते पहिल्यांदा पाठ टेकून बसले. तिथूनच त्यांनी नागपूरच्या ग्राहकाला फोन केला. "माल येत नाही. आमच्याकडूनच बिघडला."

दुसऱ्या दिवशी वहिनी घरी आल्या. आम्ही टाकी तापवून सगळे जिवाणू मारले आणि बॅच फेकली. नंतर तो जीन जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएतच बसवला, म्हणजे सहजी टाकता येत नाही. आणि साखरा वेगळ्या करून दाखवणाऱ्या मशीनचा रिपोर्ट आल्याशिवाय आता कॅन हलत नाही.

जिभेला दोन्ही साखरा गोडच लागतात. फरक मशीनला कळतो, नाहीतर रक्ताला.