दोनदा फिरवलेली पाटी

पाटी चुकीच्या बाजूनं लागलीय, हे मला समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळलं. कागलच्या अलीकडे हायवेवर टायर आडवे टाकून पंधरा-वीस माणसं उभी होती. त्यांतला गळ्यात मफलर घातलेला एक जण बॉनेटवर हात ठेवून काचेतून पाटी बघत होता. नंबरप्लेट कर्नाटकाची, केए. पाटी कन्नड. आणि मागच्या सीटवर परीक्षेला निघालेली स्नेहल, तिचा पेपर दुपारच्या शिफ्टला.

मी निपाणीत एका ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो. गाव माझं तिकडं लांब, भालकीजवळ. सातवीत शाळा सोडली. इथं काम मागायला आलो तेव्हा आमच्या मालकीण आक्कांनी शाळेचं काही विचारलं नाही. गाडी रिव्हर्स घ्यायला लावली आणि गॅरेजवरची खोली दिली. ते उपकार मोठे आहेत. म्हणूनच गाडीला मी साधा ओरखडाही येऊ देत नाही.

त्या आठवड्यात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर पुन्हा तापलं होतं. एका बसला काळं फासलं, मग पलीकडच्या बसला फासलं, मग दोन्ही राज्यांच्या बस बंद. अशा दिवसांसाठी आक्कांनी पुठ्ठ्याची एक पाटी करून ठेवलीय. मजकूर एवढाच, ‘परीक्षेची गाडी’. एका बाजूला कन्नडमध्ये, दुसऱ्या बाजूला मराठीत. ती काचेच्या आत उभी करायची आणि हद्दीजवळचा कोगनोळीचा टोलनाका आला की फिरवायची. इकडच्या ड्रायव्हरला गिअरसारखीच त्याचीही सवय होते.

स्नेहलची ती जेईईची दुसरी खेप. पहिल्या खेपेला अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल होते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शंभर पोरांत तुम्ही कितींच्या पुढं आहात, तो आकडा. दोन खेपांतला जास्तीचा धरतात. म्हणजे घाबरायचं कारण नाही, असं मला वाटलं. पण तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग पाहिजे होतं, आणि आहे त्या आकड्यावर ते मिळत नव्हतं. निपाणीपासून पोरगी हॉल तिकीट पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. तिचे वडील, आप्पा, तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर असतात. तेही सारखं घड्याळ बघत होते. मी आठवी न बघितलेला माणूस, अठ्ठ्याण्णववाल्यांची भीती माझ्याहून मोठी कशी, हे मला कळेना.

टोलनाक्यावर मी पाटी फिरवली. मग पोलिसांनी बोलावलं म्हणून लायसन्स दाखवायला खाली उतरलो. परत येऊन गाडी काढली ती थेट इथं.

“कुठं?” मफलरवाल्यानं विचारलं.

“कोल्हापूर. परीक्षा आहे,” मी म्हणालो.

“आणि पाटी कन्नड?”

मागून आप्पा पुढं वाकले. “मी फिरवलती की! ड्रायव्हर विसरला म्हणून मीच फिरवली.”

“आप्पा, मी उतरायच्या आधीच फिरवली होती,” मी म्हणालो.

कुणीतरी हसलं. मफलरवाला हसला नाही. टपावर एक थाप पडली, मग दुसरी. काच फुटली तर आक्कांना काय सांगू, आणि खोली गेली तर भालकीला कुठल्या तोंडानं जाऊ, एवढंच डोक्यात. तेवढ्यात स्नेहलनं खिडकी खाली घेऊन हॉल तिकीट बाहेर धरलं.

“काका, गेट बंद होईल.”

त्यानं ते हातात घेतलं. “जानेवारीत दिली न्हाईस व्हय?”

“दिली.”

“किती पडलं?”

“अठ्ठ्याण्णव.”

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा कागदाकडं. “मग आता कशाला निघालीस गं?”

“अजून पाहिजेत.” एवढं बोलून ती रडायला लागली.

मागनं एक जण मफलरवाल्याला म्हणाला, “तुझ्या पोराचं किती ते सांग की तिला.”

आता सगळेच हसले. मफलरवाल्यानं मान हलवली. “त्याचीबी आज दुसरी खेप हाय. पडलं तेवढं लई झालं म्हणून घरात झोपलंय.” मग माझ्या खिडकीतून हात आत घालून त्यानं स्वतः पाटी फिरवली. “आता ह्या पाटीला कुणी हात लावू नका.”

टायर बाजूला झाले.

सेंटरवर पोचलो तेव्हा वॉचमन गेट ओढत होता. स्नेहल त्या फटीतून आत गेली. आप्पा बाहेर फुटपाथवरच बसले. मी चहा आणला, तो त्यांच्या हातातच गार झाला. परत येताना टोलनाका आला तसे त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि पाटीकडं बघायचंही टाळलं.

निकालाला स्नेहलचा फोन आक्कांना आला. नव्व्याण्णवला जरा कमी. वाढले किती, तर पुरता एकही नाही. पण पुढं प्रवेशाच्या वेळी तेवढ्यानं कॉम्प्युटर मिळालं. आप्पा गॅरेजवर पेढे घेऊन आले.

बरोबर असलेल्या गोष्टीला पुन्हा हात लावावा की नाही, हे परीक्षेच्या बाबतीत मी सांगू शकत नाही. पाटीच्या बाबतीत सांगतो. गाडीतून उतरताना मी ती आता बरोबर घेऊनच उतरतो.