हिरा क्रूझवर गेली तर ओट्यावर कोण?

मासळीच्या ओट्याखाली बर्फाचं पाणी साचतं ना, तसे बाजारात किस्से साचतात. पाणी दुपारी झाडूने ढकलून देतो. किस्से कुठे जाणार? सध्या अंधेरीच्या आमच्या बाजारात एकच विषय: माझ्या शेजारच्या ओट्यावरची हिरा लक्षद्वीपच्या क्रूझवर जाणार की नाही!

झालं असं, तिची लेक माया म्हणाली, "आई, साठी झाली तुझी. चल, पाच दिवस बेटं बघून येऊ." हिराने सुरमई कापता कापता हो म्हटलं, आणि दुसऱ्या मिनिटाला नाही म्हटलं.

*

रोजची एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "हिराताई, तुम्हाला काय, बोटीची सवयच असेल!"

हिरा हसली. "बाई, आमच्यात दर्यात पुरुष जातात, बायका बाजारात. सासरी बोट, माहेरी बोट, पण मी अजून एकीवरही पाय ठेवला नाही!"

बाईच्या हातातला बांगडा हातातच राहिला. माझ्या तरी कुठे लक्षात आलं होतं? मीही नाही ठेवला की!

*

मायाने मोबाईलवर बोट दाखवली. मजल्यावर मजले, वर गच्चीत स्विमिंग पूल. आम्ही सगळ्या वाकून बघतोय.

"खाली एवढा दर्या, आणि वर टाकी भरून ठेवली?" हिरा म्हणाली.

"पोहायला गं, आई."

"मग खालचा कशाला?"

*

हिराने स्वतः बुकिंगवाल्याला फोन लावला. "जेवणात मासळी कशी असते रे?"

"एकदम मस्त, मॅडम! फ्रोझन, एकदम फ्रेश!"

"दोन्हीपैकी एक काय ते सांग, बाबा!"

*

पण खरी अडचण ओट्याची. आमच्याकडे ओटा चार दिवस रिकामा राहिला की गेला समजा. पलीकडची शेवंता रोज म्हणायची, "जा गं हिरे, मजा कर, मी आहे ना!" आणि म्हणता म्हणता तिची मासळीची पाटी वीतभर हिराच्या ओट्यावर सरकलेली!

हिरा मला म्हणाली, "बेटं बघायचीत गं मला. पण परत आल्यावर बसू कुठे?"

*

हिराचा नवरा बाळाराम. चाळीस वर्षं बोटीचा तांडेल, सगळी बोट त्याच्या हुकमावर चालायची. आता घरी असतो. क्रूझला चला म्हटलं तर म्हणाला, "सुकाणू दुसऱ्याच्या हातात आणि मी खुर्चीवर? छट्!"

"मग पाच दिवस ओट्यावर तरी बसा."

"त्यात काय! दर्या पालथा घातलेला माणूस मी. तुमचं तर बसल्या जागेचं काम."

"उद्या बसून दाखवा!"

बसला. आम्ही दोघी खांबाआड उभ्या. पहिलीने पापलेटचा कल्ला उघडून वास घेतला आणि निम्मा भाव सांगितला. दुसरीला सुरमईचे पातळ तुकडे हवे, डोकं वेगळं, गाबोळी वेगळी, सगळं कापून झाल्यावर म्हणाली, "राहू दे, बोंबील द्या." तिसरी परवाच्या करंदीवरून भांडायलाच आली. चौथी आणि पाचवी एकदम. तेवढ्यात शेवंताची पाटी सरकली, ती मात्र त्याने एका हाताने मागे लोटली.

दुपारी गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसत तो खांबाकडे बघून ओरडला, "हिरे, ये बाहेर! तू जाच. पाच दिवस मी इथून हलत नाही."

"जमेल?" हिराने विचारलं.

"जमवीन. पण दर्यात एका वेळी एकच वादळ येतं गं!"